शुद्धीकरणाची वीज कोणाच्या खात्यावर?

गेल्या हिवाळ्यात अकरावीच्या चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तिघे शिक्षक जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेलो होतो. कारखाना मध्यम आकाराचा, खाद्यपदार्थ तयार करणारा. आम्हाला पाहायचे होते ते तेथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. पाठ्यपुस्तकात अशा केंद्राची आकृती म्हणजे चार चौकोन आणि पाच बाण असतात. त्या चौकोनांना वास असतो, आवाज असतो आणि त्यांच्यापाशी एक माणूस दिवसभर उभा असतो, हे मुलांना कळावे एवढाच हेतू होता.

हवा मिसळण्याच्या टाकीवर दोन एरेटर जोरात फिरत होते. शेजारच्या खोलीत त्यांचा स्वतंत्र वीजमीटर आणि एक नोंदवही होती. रोज सकाळी आठ वाजता मीटरवरचा आकडा लिहायचा आणि पुढच्या रकान्यात एरेटर किती तास चालले ते लिहायचे, अशी पद्धत. त्या रकान्यात पानभर एकच नोंद होती : २४ तास. आमच्या एका विद्यार्थिनीने आल्याआल्या मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवला होता. बरोबर एका तासाने तिने तो पुन्हा पाहिला. फरक २१ युनिटचा. तिने २१ ला २४ ने गुणले, उत्तर ५०४. नोंदवहीतील लागोपाठच्या दोन दिवसांच्या आकड्यांत मात्र ३१५ च्या आसपासच फरक होता. ती आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, उरलेले नऊ तास हवा कुठून येते?"

केंद्र चालवणाऱ्या गृहस्थांनी ते ऐकले. वयाने पन्नाशीचे, साधे गृहस्थ. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? रात्री अकरा ते सकाळी आठ बंद ठेवतो. टाकी बांधायला पैसा होता, सर. पण हा मीटर उत्पादन खात्याच्या बिलात लागतो. महिनाअखेरीला तिकडचे साहेब ओरडतात. आमच्या नावावर विजेचा एक रुपयासुद्धा नाही."

परतताना बसमध्ये मुलांत दोन तट पडले. काहींच्या मते तो माणूस लबाड होता, काहींच्या मते कारखाना. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. त्या कारखान्याच्या स्वागतकक्षात पर्यावरण धोरणाची सुंदर चौकट टांगलेली आहे. त्यावर सह्याही आहेत. त्या चौकटीपासून टाकीपर्यंतच्या वाटेवर हिशेबाची एक वही लागते आणि धोरण तेथेच अडकलेले असते. ती वही उघडून पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

आधी त्या ५०४ युनिटांचा हिशेब समजून घेऊ. सांडपाण्यातील साखर, पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ हे सारे जिवाणूंचे अन्न. ते अन्न जिवाणू खाणारच. कोठे खाणार एवढाच प्रश्न असतो. नदीत खाल्ले तर नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. टाकीत खाल्ले तर तो ऑक्सिजन यंत्राने पुरवावा लागतो. नदी ऑक्सिजनचे बिल पाठवत नाही, वीज कंपनी पाठवते. पाण्यातील घाण मोजण्याचे परिमाणही यावरूनच आले : जिवाणूंना ती पचवायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजायचे. यालाच जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा थोडक्यात बीओडी म्हणतात.

समजा, रोज ५०० घनमीटर सांडपाणी येते आणि त्याच्या दर लिटरमध्ये १,००० मिलिग्रॅम बीओडी आहे. म्हणजे दिवसाला ५०० किलो बीओडी झाला. दर किलोला सुमारे सव्वा किलो ऑक्सिजन धरला तर ६२५ किलो ऑक्सिजन हवा. सांडपाण्यात फिरणारा एरेटर एका युनिट विजेत साधारण एक ते दीड किलो ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. इथेही सव्वा किलोच धरू. उत्तर येते ५०० युनिट. मुलीने मीटरवरून काढलेला आकडा आणि आपण रसायनशास्त्रावरून काढलेला आकडा इतका जवळ यावा हा थोडासा योगायोग आहे, पण हिशेबाची जात हीच. युनिटला ८ रुपये दर धरला तर दिवसाचे सुमारे ४,००० रुपये, महिन्याचे सव्वा लाखाच्या घरात आणि वर्षाचे साडेचौदा लाख होतात. रसायने, पगार आणि गाळाची विल्हेवाट यांचा खर्च याहून वेगळा.

रात्रीचे नऊ तास एरेटर बंद ठेवले की सुमारे १,५०० रुपये वाचतात. महिन्याला ४५,०००. बिल पाहून ओरडणाऱ्या साहेबांना दिसतात ते एवढेच.

त्यांना जे दिसत नाही ते असे. टाकी १,००० घनमीटरची असेल तर ६२५ किलो ऑक्सिजन म्हणजे दर लिटरमागे दर तासाला सुमारे २६ मिलिग्रॅम. चांगल्या चाललेल्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास. सांडपाणी येतच असेल, तर एरेटर थांबल्यावर हा साठा पाचएक मिनिटांत संपतो! जिवाणू लगेच मरत नाहीत. पण ऑक्सिजनवर जगणारे सुस्तावतात, ऑक्सिजनशिवाय जगणारे कामाला लागतात, सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो, गाळ काळपट होतो आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकून त्याचे तुकडे वर तरंगू लागतात. रोज रात्री हेच होत राहिले तर गाळ नीट खाली बसेनासा होतो आणि शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर बाहेर वाहू लागतो. हवा ठरावीक वेळ मुद्दाम थांबवण्याच्या पद्धतीही आहेत. नायट्रोजन काढण्यासाठी त्या उपयोगी पडतात. त्यांत वेळापत्रक जिवाणूंची गरज पाहून आखलेले असते आणि टाकीचा आकारही त्या हिशेबाने ठरवलेला असतो.

आता 'पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली' या भारदस्त शब्दांकडे वळू. अर्थ घरगुती आहे. आपल्या कामामुळे हवा, पाणी, जमीन यांवर काय परिणाम होतो ते शोधायचे, त्यातले काय कमी करायचे ते ठरवायचे, कोणी करायचे ते नेमून द्यायचे, झाले का ते मोजायचे आणि वर्षातून एकदा तरी वरिष्ठांनी बसून त्याचा आढावा घ्यायचा. ब्रिटनमध्ये १९९२ साली बीएस ७७५० हे या विषयावरचे मानक निघाले. १९९६ साली आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. २००४ आणि २०१५ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. किती प्रदूषण चालेल याचा एकही आकडा या मानकात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते आकडे प्रत्येक देशाच्या कायद्यात असतात. मानक पाहते ते कामाची रीत.

या मानकात साधनसामग्रीविषयी एक कलम आहे. प्रणाली उभारण्यासाठी, चालवण्यासाठी आणि सुधारत नेण्यासाठी लागणारी साधने संस्थेने ठरवावीत आणि पुरवावीत, असा त्याचा आशय. साधने म्हणजे माणसे, त्यांचे कौशल्य, यंत्रे आणि पैसा. किती, ते सांगितलेले नाही. सांगता येणारही नाही. पण 'ठरवावीत' आणि 'पुरवावीत' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. त्या कारखान्यात टाकीसाठी किती वीज लागेल हे टाकीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याने नक्कीच ठरवले होते. ती टाकीच्या नावाने पुरवण्याचे कोणी ठरवले नव्हते.

मग अशा अंदाजपत्रकात काय काय यावे? बांधकाम आणि यंत्रे हा भांडवली खर्च सर्वांच्या लक्षात राहतो, कारण तो एकदाच होतो, मोठा असतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. वीज, रसायने, पगार, गाळाची वाहतूक हा चालू खर्च. कारखाना नफ्यात असो वा तोट्यात, तो दरमहा दारात उभा असतो. माणसांच्या प्रशिक्षणाचा खर्च लहान असतो आणि काटकसरीत तोच आधी छाटला जातो.

सर्वांत जास्त विसरला जातो तो यंत्रे बदलण्याचा खर्च. एरेटरचा गिअरबॉक्स, पंपाचे बेअरिंग, हवेच्या नळ्यांवरचे रबरी पडदे ही काही वर्षांनी झिजणारी वस्तू आहे. हिशेबनीस घसारा म्हणून दरवर्षी कागदावर काही रक्कम लिहितात, पण तेवढी रक्कम कोठे बाजूला काढून ठेवलेली नसते. त्यामुळे गिअरबॉक्स तुटतो त्या दिवशी अर्ज, टिपणी, तीन दरपत्रके आणि मंजुरी यांचा प्रवास सुरू होतो. तोपर्यंत सांडपाणी थांबत नाही. एक जादा गिअरबॉक्स आधीच घेऊन ठेवायला जे पैसे लागतात, त्यांना आम्ही तरी खर्च न म्हणता विम्याचा हप्ता म्हणू.

मोजमापाचा खर्चही असाच. आपल्याकडे बीओडीची चाचणी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून करतात. म्हणजे आजच्या पाण्याचा निकाल तीन दिवसांनी येणार. ते पाणी तोवर नदीला मिळून गेलेले असते. म्हणून केंद्र चालवणाऱ्याला रोजच्या रोज हाताशी स्वस्त चाचण्या लागतात. त्यांतली एक आपल्या प्रयोगशाळेत सहज करता येईल अशी आहे. टाकीतील गढूळ पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घ्यायचे, अर्धा तास हलवायचे नाही आणि गाळ कोणत्या रेघेपर्यंत बसला ते वाचायचे. गाळ भुसभुशीत होऊन खाली बसेनासा झाला, काळा पडला किंवा वर तरंगू लागला तर टाकीची तब्येत बिघडली आहे. एका मोजपात्राची किंमत ती किती! पण त्या कारखान्यात ते फुटल्याला चार महिने झाले होते आणि नवे आणायला मागणीपत्र गेले होते.

अशा खर्चांचा एक विचित्र गुण आहे. ते थांबवले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. भोपाळमध्ये हेच अत्यंत भीषण रीतीने दिसले. युनियन कार्बाइडचा तो कारखाना तोट्यात होता आणि खर्चकपात चालू होती. कामगार कमी केले गेले होते. मिथिल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा १९८४ च्या मध्यापासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू कॉस्टिक सोड्याने धुऊन घेणारा मनोरा राखीव अवस्थेत होता. शीतकरण बंद झाले त्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वीज आणि देखभाल यांची बचत मात्र रोज होत राहिली. नंतर २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे प्राणाला मुकली. टाकीत पाणी कसे शिरले यावर वाद झाला आहे. बंद असलेल्या यंत्रणांविषयी वाद नाही.

पैसा लागतो हे पटले तरी तो मागायचा कसा? पर्यावरण विभागातील माणूस संचालकांपुढे जातो तेव्हा बहुधा नदीविषयी बोलतो. संचालकांच्या पुढ्यात त्याच वेळी दुसरा माणूस नव्या यंत्राचा प्रस्ताव घेऊन बसलेला असतो आणि तो रुपयांत बोलतो. म्हणून मागण्यांची आधी छाननी करावी लागते. काही खर्च कायद्याने बांधलेले असतात. तेथे फायद्याचा प्रश्न विचारणेच चूक. ते न केल्यास कारखान्याला टाळे लागू शकते एवढे सांगावे. काही खर्च स्वतःच स्वतःची भरपाई करतात. उरलेले खर्च या दोन्हींत बसत नाहीत, आणि खरी अडचण त्यांचीच असते.

भरपाई करणाऱ्या खर्चाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आवारात सापडते. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, दर लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि उग्र वासाचा हा द्रव पूर्वी नदीनाल्यात सोडला जाई. एका डिस्टिलरीचा हिशेब मांडू. रोज ३०,००० लिटर अल्कोहोल, दर लिटरमागे १२ लिटर स्पेंटवॉश. म्हणजे ३६० घनमीटर. येथे बीओडीऐवजी सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, घेऊ. ती घनमीटरला १०० किलो धरली तर रोजची ३६,००० किलो. बंद टाकीत ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंनी त्यातली ६५ टक्के खाल्ली तर २३,४०० किलो नाहीशी झाली. एक किलो सीओडीपासून सैद्धांतिकदृष्ट्या ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे रोज सुमारे ८,२०० घनमीटर मिथेन. त्याची उष्णता सुमारे १६ टन दगडी कोळशाइतकी भरते!

इथे एरेटरच्या टाकीपेक्षा बरोबर उलटे घडते. तेथे जिवाणूंना जेवू घालायला आपण वीज देतो; येथे जेवून झाल्यावर जिवाणूच इंधन देतात. हा वायू बाष्पकात जाळला की बगॅस किंवा कोळसा वाचतो. भांडवल काही वर्षांत वसूल होते असे दाखवता येते, त्यामुळे बँक कर्ज देते आणि संचालकही सही करतात. सांडपाण्यापासून बायोगॅस करणारी संयंत्रे डिस्टिलऱ्यांत झपाट्याने पसरली त्यामागे पर्यावरणप्रेमाइतकाच हा हिशेब आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत जोसेफ लिंग या अभियंत्याच्या पुढाकाराने १९७५ साली सुरू झालेला कार्यक्रम याच विचारावर उभा होता : प्रदूषण झाल्यावर साफ करण्यापेक्षा ते होऊच न देणे फायद्याचे ठरू शकते.

पण हिशेब येथेच थांबवला तर फसवणूक होईल. ६५ टक्के गेले, ३५ टक्के उरले. बायोगॅस काढून झाल्यावरही त्या द्रवाच्या प्रत्येक लिटरमध्ये ३५,००० मिलिग्रॅम सीओडी आहे. घरगुती मैलापाण्याच्या सुमारे ७० पट. तो रंग आणि ते क्षार तसेच आहेत. पुढचे टप्पे म्हणजे बाष्पीभवनाने आटवणे, साखर कारखान्यातील प्रेसमडबरोबर त्याचे कंपोस्ट करणे किंवा तो आटवून जाळणे. यांतून थोडेफार खत किंवा उष्णता मिळते, पण एकूण गणित पहिल्या टप्प्यासारखे गोड नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योग यांनी २००३ साली ठरवलेल्या कार्यक्रमात २००५ अखेर सर्व स्पेंटवॉशचा वापर व्हावा, तो बाहेर जाऊ नये, असे उद्दिष्ट ठेवावे लागले ते यामुळेच. जे फायद्याचे होते त्यासाठी बाजार पुरेसा होता. उरलेल्यासाठी नियम लागला. आमचे मत विचाराल तर पहिल्या टप्प्यात वाचलेल्या इंधनाचे पैसे दुसऱ्या टप्प्याच्या नावाने वेगळे ठेवायला हवेत. ते कारखान्याच्या सर्वसाधारण नफ्यात एकदा मिसळले की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. दुधात पाणी मिसळल्यासारखे.

असे वेगळे ठेवण्याची कल्पना सरकारी कागदांतही आहे. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देताना पत्रात बहुधा एक अट घातलेली असते : पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यासाठीचा निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा, दुसरीकडे वळवू नये आणि वर्षाचा खर्च कळवावा. १९९२-९३ पासून कारखान्यांनी दरवर्षी भरायच्या पर्यावरण विवरणपत्रातही पाणी आणि कच्चा माल किती वापरला इथपासून सुरुवात करून, प्रदूषण रोखण्याच्या उपायांचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला आणि पुढे किती गुंतवणूक करणार, असे रकाने ठेवले गेले. आम्ही पाहिलेल्या काही विवरणपत्रांत या रकान्यांत 'लागू नाही' असे लिहिले होते. लागू कसे नसेल? दुसरीकडे, पाणी उपकराच्या १९७७ च्या कायद्यात शुद्धीकरण केंद्र असणाऱ्याला उपकरात सूट होती. पुढे ती २५ टक्के होती. २०१७ साली जीएसटी आल्यावर तो उपकरच संपला आणि त्याबरोबर हे लहानसे आमिषही गेले.

लहान कारखान्यांची गोष्ट वेगळी. ज्याचे सांडपाणी दिवसाला दोन टँकर, तो स्वतंत्र केंद्र आणि स्वतंत्र रसायनतज्ज्ञ कोठून आणणार? त्यासाठी अनेक कारखान्यांनी मिळून सामुदायिक शुद्धीकरण केंद्र चालवायचे. केंद्र सरकारने १९९१ साली यासाठी योजना आणली. भांडवलाच्या २५ टक्के केंद्राचे अनुदान, २५ टक्के राज्याचे, ३० टक्के वित्तसंस्थांचे कर्ज आणि २० टक्के उद्योजकांचा वाटा. तारापूर, अंबरनाथ, रोहा, महाड, लोटे-परशुराम या आपल्या औद्योगिक वसाहतींत अशी केंद्रे आहेत. २०१२ साली केंद्राचा वाटा वाढवून निम्म्यावर नेण्यात आला. पण पहिल्यापासून एक गोष्ट कायम राहिली : अनुदान बांधायला, चालवण्याचा खर्च सभासदांचा.

मग सभासदांत वर्गणी कशी वाटायची हा प्रश्न येतो आणि तो दिसतो तितका सोपा नाही. पाण्याच्या घनमीटरवर पैसे आकारले तर भरपूर सौम्य पाणी सोडणारा जास्त देतो आणि थोडे पण जहाल पाणी सोडणारा स्वस्तात सुटतो. त्याचे पाणी पचवायला लागणारा ऑक्सिजन मात्र इतरांच्या वर्गणीतून येतो. सहलीच्या डब्याची वर्गणी सर्वांकडून सारखी घेतली तर काय होते ते मुलांना विचारून पाहा. म्हणून पाण्याचे प्रमाण आणि त्याची सीओडी दोन्ही धरून दर ठरवावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाचे पाणी तपासावे लागते. आणि तपासण्यासाठी पुन्हा पैसा लागतो.

बांधायला पैसा आहे, चालवायला नाही, या दुखण्याचे देशातील सर्वांत मोठे उदाहरण गंगेच्या काठी घडले. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत शहरांच्या मैलापाण्यासाठी पंपगृहे आणि शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. भांडवल केंद्र सरकारचे होते. ती चालवणे राज्य सरकारांकडे आणि पुढे स्थानिक संस्थांकडे यायचे होते, आणि त्यांच्याजवळ ना पुरेसा पैसा होता ना तशी माणसे. वीज तासन् तास जाई. जनित्रे होती तेथे डिझेलला पैसे नसत. पंप थांबला की मैलापाणी पूर्वीच्याच नाल्याने गंगेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००० साली या योजनेवर कडक ताशेरे ओढले.

यातून हिशेबाची एक नवी रीत निघाली. नमामि गंगे कार्यक्रमात २०१६ पासून काही केंद्रांसाठी असे ठरले की कंत्राटदाराला बांधकामाच्या काळात भांडवलाचे ४० टक्केच द्यायचे. उरलेले ६० टक्के पुढची १५ वर्षे हप्त्याने द्यायचे, चालवण्याच्या खर्चासह, आणि तेही बाहेर पडणारे पाणी ठरल्याप्रमाणे असेल तर. एवढ्याने गंगा निर्मळ झाली असे कोणी म्हणणार नाही. पण रात्री एरेटर बंद करून दीड हजार वाचवण्याचा मोह या रचनेत बराच कमी होतो, कारण बंद करणाऱ्याचाच हप्ता अडकतो. मुलांना बीजगणितातील समीकरणे शिकवताना आपण डावी आणि उजवी बाजू म्हणतो. इथे बचत आणि नुकसान दोन्ही एकाच माणसाच्या बाजूला आणून ठेवली आहेत.

हा सारा विषय शाळेत आणायचा असेल तर कारखान्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्या शाळेत मुलांनी जुन्या ट्यूबलाइट मोजल्या, ६० निघाल्या. जुन्या चोकसह एक नळी सुमारे ५३ वॅट घेते, एलइडी नळी २० वॅट. दिवसाला ६ तास आणि वर्षाला २२० दिवस धरून बचत येते २,६०० युनिटच्या वर, म्हणजे ८ रुपये दराने जवळजवळ २१,००० रुपये. नळीला २५० रुपये धरले तर खर्च १५,०००. वर्षाच्या आत भरपाई. मुलांनी आठ ओळींचा प्रस्ताव लिहून शाळा समितीपुढे ठेवला आणि तो अर्ध्या तासात मंजूर झाला. त्यांनी शेवटी एक ओळ जोडली होती, की वाचलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम प्रयोगशाळेतील आम्ले आणि रसायने टाकण्यापूर्वी उदासीन करण्यासाठी वेगळी ठेवावी. त्या ओळीवर मात्र दोन बैठका झाल्या. पर्यावरण व्यवस्थापनातला नेमका अवघड भाग मुलांनी त्या दोन बैठकांत पाहिला असे आम्हाला वाटते. अखेर एक तृतीयांशवर तडजोड झाली.

कारखान्यालाही मुलांनी पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती. मीटरचा हिशेब, रोजच्या ६२५ किलो ऑक्सिजनचे गणित आणि एक प्रश्न होता : टाकीच्या विजेसाठी वेगळे खाते उघडता येईल का? उत्तर आले नाही. पावसाळ्यानंतर नव्या तुकडीला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. तेच गृहस्थ होते. खोलीत नवे मोजपात्र दिसले आणि नोंदवहीला एक रकाना वाढला होता : खाते क्रमांक. मीटरचे रोजचे फरक ४८० ते ५०० च्या दरम्यान होते. एका आठवड्यात मात्र सलग तीन दिवस फरक २९४, २५२ आणि २५२ असा होता, आणि तासांच्या रकान्यात या वेळी २४ लिहिलेले नव्हते. शेऱ्यात लिहिले होते : 'एरेटर क्र. २ गिअरबॉक्स तुटला. सुटा भाग भांडारात शिल्लक नाही. मागवला आहे.'